माझ्या टोकाला बांधलेली नवी चेन

मी टायमिंग चेन बोलतेय. मागच्या चाकावर धूळ खात, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसत फिरते ती माझी थोरली बहीण. तिचा थाट तिलाच लखलाभ. मी मोटरसायकलच्या इंजिनात राहायचे. खालचं दातेरी चाक फिरलं की वरचं मी फिरवायचे, आणि वरचं फिरलं की व्हॉल्व्ह वेळच्या वेळी उघडायचे, मिटायचे. एवढंच काम. पण माझ्यावाचून गाडीचं पान हलत नसे.

गाडी एका छापखान्यातल्या फोरमनची. त्यांनी ती कोरी करकरीत आणली तेव्हापासून मी आत आहे. आहे नव्हे, होते. सवय जात नाही.

आत अंधार होता, ऊब होती आणि सदोदित तेल होतं. बाहेरची माणसं मला फक्त वजनावरून कळायची. फोरमन एकटे असले की इंजिन मोकळं पळायचं. त्यांची बायको मागे बसली की जरा जोर लागायचा, आणि तो जोर मला फार आवडायचा.

तिनेच मला पहिल्यांदा ऐकलं. "अहो, गाडीच्या पोटात काहीतरी खुळखुळतंय." माझे सांधे झिजले होते, मी लांबले होते. फोरमननी बाहेरचा स्क्रू पिळून मला ताण दिला आणि मी गप्प झाले. मग दर वेळी तेच. माणसं स्वतःच्या दुखण्याचंही असंच करतात, तेवढ्यापुरतं आवळतात आणि बरं वाटतंय म्हणतात.

पुढे त्यांची बायको वारली. फोरमनचे कान तर छापखान्यातल्या यंत्रांनी केव्हाच खाल्ले होते. मी इतकी वाजायचे की गल्लीतली कुत्री उठून बसायची, पण यांना पत्ताच नाही. ते इंजिनाच्या झाकणावर तळहात ठेवायचे. माझी थरथर हाताला लागली की स्वारी खूश.

घाबरली ती त्यांची मुलगी. तिने मेकॅनिकला घरीच बोलावलं. त्याने नुसतं ऐकूनच मान हलवली. "ताई, चालत्या गाडीत ही तुटली तर इंजिन जागीच जाम होईल. काका कुठे जाऊन पडतील सांगता येत नाही."

तिने ते सगळं वडिलांच्या कानाशी ओरडून सांगितलं.

"तुझी आई मागे बसायची तेव्हा हीच आत होती," फोरमन म्हणाले. "राहू दे."

मेकॅनिकने इंजिनाचं झाकण खोललं आणि फोरमनचं बोट धरून आतल्या भिंतीवर नेलं. सैल पडून मी तिथे घासत होते, चांगली खोल खाच पडली होती. ते तिच्यावरून नख फिरवत राहिले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बदल," ते म्हणाले. "पण पाना मी फिरवणार."

चेन बदलायची रीत अशी असते. जुनी एका जागी तोडतात, तिच्या टोकाला नवी जोडतात आणि पान्याने इंजिन हळूहळू फिरवतात. जुनी बाहेर येते, तिच्या मागोमाग नवी आत जाते. म्हणजे माझ्या जागेवर तिला मीच ओढून न्यायचं.

फोरमनना ऐकू येत नाही, म्हणून मुलीने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. हात दाबला की थांबायचं, सैल सोडला की फिरवायचं. मेकॅनिकने दोन्ही टोकं ताणून धरली होती. एकेक दात पुढे सरकत मी उजेडात आले, गार वाऱ्यात आले. मागून येणारी ती कडक, चकचकीत. माझ्याशी एक शब्द बोलली नाही. नवी होते तेव्हा मीही अशीच होते.

माझ्या शेवटच्या थोड्या कड्या आत उरल्या आणि फोरमननी पाना उलटा फिरवला. मी पुन्हा आत गेले, चांगली वीतभर.

"उलटं नका फिरवू काका, दात सुटेल," मेकॅनिक म्हणाला. पण ऐकणार कोण? मुलीने खांदा दाबला. ते थांबले. तिने घाई केली नाही, नुसता हात तसाच ठेवला. त्या ओळखीच्या अंधारात मला वाटलं, आता इथेच राहू द्या मला, कुणी काही करू नका. मग तिचा हात सैल झाला. फोरमननी नाक ओढलं आणि पाना सरळ फिरवला.

गाडी सुरू झाली. काय सुरेख आवाज होता तिचा! बाहेरून मी तो पहिल्यांदाच ऐकला. फोरमननी झाकणावर तळहात ठेवला आणि बराच वेळ तसाच राहू दिला.

"आपलीच आहे ना ही?" त्यांनी मुलीला विचारलं.

आता ते रोज गाडीवर चक्कर मारतात आणि धडधाकट घरी येतात. मुलगी निश्चिंत आहे. यासाठीच तर मी बाहेर आले, आणि त्याचं मला समाधान आहे. मी खिडकीत असते. आल्यावर ते मला मांडीवर घेतात, एकेक कडी बोटांनी हलवून बघतात, फडक्याने पुसतात आणि मायेने तेल लावतात.

त्यांना ऐकू येत नाही, म्हणून तुम्हाला सांगते. तेवढं खुणेने त्यांना कळवा. म्हणावं, तिला तेल लावू नका. तेल लागलं की मला वाटतं, आज मला परत आत नेणार.