बाहेर मोकळं

कर्टिसच्या गॅरेजमध्ये घडीच्या टेबलावर संगणकावरच्या शर्यतीची चार जुनी स्टिअरिंग विकायला होती, पेडलांचे तीन संच होते आणि चाक टेबलाला आवळायच्या पकडींनी भरलेलं एक खोकं होतं. एका संचातल्या क्लचची स्प्रिंग गायब होती. टेसाने एकेक चाक उलटं करून त्याच्या बुडाशी छापलेले आकडे वाचले. चौथ्यात मोटरच नव्हती. नुसत्या रबराच्या ताणावर ते मध्यावर परत येत होतं. तिने ते बाजूला सरकवलं.

"बघतेस अशी, जणू कलिंगड निवडतेयस," कर्टिस म्हणाला.

"कलिंगड निदान कापून तरी दाखवतात," टेसा म्हणाली.

गिअर बनवणाऱ्या कारखान्याच्या मोजमाप विभागात ती कामाला होती, आणि गेले दोन आठवडे जेवणाच्या सुट्टीत ती याच विषयावरचं मिळेल ते वाचत होती. संगणकावरच्या शर्यतीत गाडीला बसणारा झटका मोटर चाकापर्यंत पोचवते. तो थेट पोचला तर उत्तम, पण महाग. पट्ट्यावरून पोचला तर मऊ. दातेरी चक्रांमधून पोचला तर खडबडीत आणि सगळ्यात स्वस्त. दोनशे डॉलरच्या आत पट्ट्याचं मिळालं तर बरं, असं तिने ठरवून ठेवलं होतं.

चाक हवं होतं तिच्या वडिलांसाठी. गार्लंड टटल मिल्सबरोच्या डांबरी ट्रॅकवर एकोणीस मोसम गाडी पळवत होता. मग अपघात झाला, डाव्या मनगटात धातूच्या दोन पट्ट्या बसल्या आणि गाडी विकली गेली. त्याच्या शनिवारच्या जुन्या कंपूतले चौघे-पाचजण आता रविवारी चर्चमधून आले की संगणकावर त्याच ट्रॅकच्या हुबेहूब नकलेवर शर्यत लावत. दर आठवड्याला त्याला फोन करत. आपल्याकडे चाक नाही, एवढंच तो सांगे. ती सबब होती हे टेसाला कळत होतं. म्हणून आधी सबब काढून टाकायची, असा तिचा हिशोब होता. हा हिवाळाही तो खिडकीपाशी बसून काढणार असेल तर तिला ते बघवणार नव्हतं.

तिची आई, रोंडा, गॅरेजच्या दाराशी उभी होती. तिच्या हातात उकडलेल्या शेंगांची ओली पिशवी होती. टेसाने पहिलं चाक टेबलाला आवळलं तशी तिने पिशवी खाली ठेवली, हात जीन्सला पुसले आणि पुढे आली.

"कर्टिस, पेडल तू दाब. गाडी भिंतीवर घाल."

"मुद्दाम, मिस रोंडा?"

"मुद्दाम. चाक मी धरते."

तिने फक्त डाव्या हाताने धरलं. गार्लंडच्या मनगटाचा व्यायाम सहा महिने तिनेच करून घेतला होता. ते किती वळतं आणि कुठे अडतं हे डॉक्टरांपेक्षा तिला जास्त माहीत होतं. थेट मोटरच्या चाकाने तिचा हात पार खांद्यापर्यंत पिरगाळला. तिने मान हलवली. पट्ट्याचं चाक हातात नुसतं गुरगुरलं. टेसाला हायसं वाटलं.

तेवढ्यात संगणकातून एक आवाज आला. पुरुषाचा, स्वच्छ, कुठल्याच गावचा नसलेला. बाहेरून गाडी आहे, असं त्याने सांगितलं, आणि क्षणभराने, बाहेर मोकळं.

रोंडाने चाकावरून हात काढून घेतला.

"हा खेळातच असतो," कर्टिस म्हणाला. "एका पडद्यावर फक्त समोरचं दिसतं ना, म्हणून बाजूचं हा सांगतो." बोलून झाल्यावर तो मान खाली घालून पकडीचा स्क्रू चाचपत बसला.

तिसरं चाक दातेरी चक्रांचं होतं. वळणावर ते असं खडखडलं की गॅरेजच्या कोपऱ्यात झोपलेलं कुत्रं उठून बाहेर गेलं. भिंतीवर आदळताना झटका बसला, पण मनगटाला झेपेल एवढाच. तो आवाज पुन्हा काहीतरी म्हणाला. काय ते कळलं नाही.

"एवढं वाजतं हे नेहमीच?" रोंडाने विचारलं.

"नेहमीच. म्हणून तर एवढ्यात देतोय. लोक हेडफोन लावतात."

"हेच घेऊ."

"आई, बाबा कानात काही घालत नाहीत," टेसा म्हणाली. "वरचे पैसे मी घालते. पट्ट्याचं घेऊ या."

"ठाऊक आहे मला तो काय घालतो ते. हेच घेऊ."

आई पैसे वाचवतेय असं टेसाला वाटलं. तिने वाद घातला नाही. चाकासोबत स्प्रिंग शाबूत असलेली पेडल घेतली, आणि कर्टिसने पकड फुकट दिली.

गॅरेजकडून येणारा रस्ता जिथे हमरस्त्याला मिळतो तिथे उजवीकडे उंच झुडपं आहेत. टेसाने गाडी थांबवली.

"तुझ्या बाजूने काही येतंय का?"

"तूच बघ," रोंडा म्हणाली. तिची नजर मांडीवरच्या पिशवीकडे होती.

टेसाने पुढे वाकून स्वतःच पाहिलं. गेली दोन वर्षं हे असंच होतं. त्याआधी एकोणीस मोसम रोंडा प्रेक्षकांच्या स्टँडच्या छपरावर उभी राहून गार्लंडच्या कानात बोलत आली होती. गाडीतल्या खुर्चीला पट्ट्यांनी जखडलेल्या गार्लंडला बाजूचं दिसत नसे. आत कोण, बाहेर कोण, मोकळं कधी, हे तिनेच रेडिओवरून सांगायचं आणि त्याने न बघता चाक वळवायचं, अशी पद्धत. शेवटच्या शनिवारी मावळतीचं ऊन तिच्या डोळ्यांवर होतं. तिसऱ्या वळणावर ती "मोकळं" म्हणाली तेव्हा दुसऱ्या गाडीचं नाक अजून तिथेच होतं. गार्लंड त्याबद्दल तिला एक शब्दही बोलला नाही. तो बोलला असता तर बरं झालं असतं, असं टेसाला कधीकधी वाटे. इस्पितळातून आल्यावर रोंडाने रेडिओ डब्यात घालून माळ्यावर टाकला होता. गार्लंडने त्या रेडिओची कानात घालायची बुचं कचऱ्यात टाकली होती.

घरी चाक शिवणयंत्राच्या टेबलाला बसलं. गार्लंडने दारातूनच ते थोडा वेळ पाहिलं, मग येऊन बसला आणि एक फेरी मारली.

"हे चाक आहे की कॉफी दळायची चक्की?"

"आईने निवडलंय," टेसा म्हणाली.

त्याने दुसरी फेरी मारली. शुक्रवारपर्यंत त्याने खुर्चीखाली विटा लावून ती हवी तेवढी उंच करून घेतली होती.

रविवारी शर्यतीआधी टेसाने आपला लॅपटॉप स्वयंपाकघरात ओट्यावर ठेवला. घरच्यांना शर्यत बघता यावी अशी सोय होती; सगळा ट्रॅक उंचावरून दिसे, छपरावरून दिसायचा तसा. तिने आईला काही सांगितलं नाही, फक्त झाकण उघडं ठेवलं. रोंडा तिथेच राजमा निवडत बसली.

शर्यत चाळीस फेऱ्यांची होती. गार्लंड पाचवा निघाला आणि आतल्या लेनला चिकटून राहिला. संगणकातला तो आवाज काहीतरी सांगत होता, पण वळण आलं की चाक खडखडे आणि तो त्यात बुडून जाई. टेसाने आवाज वाढवला, मग आणखी वाढवला. उपयोग झाला नाही. टायर झिजले की मिल्सबरोवर वेग बाहेरच्या लेनमध्ये असतो. हे त्या गावात शाळेतल्या पोरांनाही माहीत होतं. गार्लंडची प्रत्येक फेरी वीस पूर्णांक चार सेकंदांच्या आसपास पडत होती. पडद्याखाली कुणीतरी टंकून पाठवलं: "गार्लंड, आत घर बांधलंस की काय? भाडं किती?"

तो हसला, पण वर, बाहेरच्या लेनमध्ये, गेला नाही. तिसऱ्या वळणावर प्रत्येक वेळी चाक बोटभर उजवीकडे सरके आणि परत येई.

स्वयंपाकघरातून आवाज येईनासा झाला होता. टेसाने मान वळवून पाहिलं. रोंडा लॅपटॉपवर वाकली होती. मुठीत धरलेले दाणे तिने अजून वाडग्यात टाकले नव्हते. तिचे ओठ हलत होते.

"तो आवाज बंद कर," गार्लंड म्हणाला.

टेसाने बंद केला. आता खोलीत फक्त चाक वाजत होतं. आणखी एक फेरी गेली.

"रोंडा," गार्लंड मोठ्याने म्हणाला, पडद्यावरची नजर न काढता. "बाहेर कोण आहे?"

दाणे वाडग्यात पडल्याचं ऐकू आलं. मग रोंडा लॅपटॉप दोन्ही हातांवर तोलत दारात येऊन उभी राहिली.

"मला नको विचारूस."

"तिसरं वळण येतंय."

ती लॅपटॉपकडे बघत राहिली. बोलली तेव्हा तिचा आवाज छपरावरून यायचा तसा होता, सपाट आणि उंच, खडखडाटाच्या वरून जाणारा.

"एक आहे. मागच्या चाकाशी. अजून आहे. अजून आहे."

गार्लंडने चाक धरून ठेवलं.

"अजून आहे."

वळण अर्ध्यावर आलं.

"मोकळं."

त्याने लगेच चाक सैल सोडलं आणि गाडी वर जाऊ दिली. चौथ्या वळणावर ती भिंतीला समांतर होती, मध्ये हातभर जागा ठेवून. रोंडा एक पाऊल पुढे आली, त्याच्या खुर्चीच्या मागे, आणि बोलत राहिली. बाहेर मोकळं. अजून मोकळं.

टेसाने पडद्याच्या कोपऱ्यात पाहिलं. फेरीची वेळ १९.८१ सेकंद.