पाण्यापासून पंधरा मीटर

नाला मे महिन्यात मोजायचा नसतो, साहेब, हे तुम्हाला ठाऊक होतं. तुम्ही शिकलेले आहात, तुमच्या टेबलावर काच आहे, काचेखाली नियम आहेत. तरी तुम्ही मे महिन्यातच मोजला. पाणी आटून म्हशीच्या शेपटीएवढी धार उरली तेव्हा मोजला, आणि त्या धारेच्या कडेला काठी धरायला नागोरावला सांगितलंत.

"साहेब, इथी?" नागोरावनं विचारलं होतं.

"तिथंच. पाण्याच्या कडेला. सरळ धर."

नागोरावनं धरली. त्याच्या मागच्या बाभळीखाली मोजणीचं मशीन बारीक वाजलं, साहेबांनी मान हलवली, आणि नाल्याचा काठ ठरला.

एकतीस वर्षं नागोराव हेच करत आला होता. मोजणीच्या साहेबांमागं चालायचं, ते म्हणतील तिथं काठी धरायची, खुंटी ठोकायची, चुना टाकायचा. आधी साखळी होती, मग टेप आली, मग मशीन आलं. साहेब येत गेले, जात गेले. फुलसावंगीपासून मुकुटबनपर्यंत शेतांच्या कितीतरी धुऱ्यांवर त्याचा घाम पडला होता, पण हजेरी रोजंदारीचीच राहिली.

पहिल्याच वर्षी देवसिंग नावाच्या म्हाताऱ्या साखळीवाल्यानं त्याला एक गोष्ट शिकवली होती. "नाल्यावर गेला का पाण्याकडं पाहू नको. झाडाकडं पाह्य." पुरात वाहून आलेला काडीकचरा ज्या फांदीला अडकून वाळलेला असतो, तिथवर नाला. मधली जागा पाण्याची. ती कितीही कोरडी दिसो.

तो कचरा त्या दिवशीही होता. साहेब ज्या बाभळीखाली टोपी काढून बसले होते, तिच्याच फांदीला, त्यांच्या डोक्यावर हातभर उंचीला लोंबत होता. नागोरावनं तो पाहिला होता. पाहून खाली बघितलं आणि खुंटी ठोकली.

आता हे कशासाठी होतं ते सांगतो. नाल्याच्या बाभळीकडच्या बाजूला घरांचं नवीन लेआऊट पडत होतं. परवानगीत एक अट होती: काठालगतची पंधरा मीटर जागा दरड, झाडोरा, बिळं यांच्यासकट आहे तशी सोडावी. ही अट आपोआप आलेली नव्हती. यवतमाळच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या निशिगंधा मॅडम दोन वर्षं त्या नाल्यावर येत होत्या. दरडीतली वेड्या राघूंची बिळं त्यांनी मोजली, खंड्याची मोजली, वरच्या काटेरी झाडोऱ्यातली सायाळ पाहिली, आणि अर्ज करकरून ती अट घालून घेतली. दरड वाचली असं त्यांना वाटलं.

पण पंधरा मीटर कुठून, ते ठरलं मे महिन्यात. पाण्याच्या धारेपासून पंधरा मीटर म्हणजे वाळू, गोटे आणि शेवटी दरडीचा पायथा. पावसाळ्यात पुरुषभर पाण्याखाली जाणारी जागा. जी कुणी विकत घेणार नव्हतं ती पाखरांना दिली. आणि खरी दरड, बिळांची, नकाशात प्लॉट क्रमांक एक्केचाळीस ते बावन्न झाली.

जूनच्या पहिल्या आठवड्यात नागोराव प्लॉटच्या कडा चुन्यानं आखत होता, तेव्हा मॅडम वही घेऊन आल्या. लेआऊटवर देखरेख करणारा फुलचंद राठोड तिथंच खुर्ची टाकून बसला होता. जवळच्याच तांड्यावरचा माणूस, जिभेला हाड नसलेला.

"नागोरावभाऊ, मोजणीला तुम्ही होते ना?" मॅडमनी विचारलं. "काठाची खुंटी कुठे ठोकली?"

नागोरावनं चुन्याचं घमेलं खाली ठेवलं. "मॅडम, मी फकस्त काठी धरतो."

"धरली कुठे, तेच विचारते."

"साहेबानं सांगतली तिथी."

"ओ मॅडम," फुलचंद हसला, "ह्याले कायले इचारता? थो खांब हाय. खांबाले कोणी इचारते काय, तू इथी काहून उभा म्हणून?"

नागोरावही हसला. एकतीस वर्षांची सवय. साहेबलोकांत कुणी त्याच्यावर हसलं की तो सोबत हसायचा, म्हणजे विषय लवकर संपायचा.

मॅडम हसल्या नाहीत. "माझ्या हरकतीवर उद्या सुनावणी आहे. पंचनाम्यात लिहिलंय, काठ प्रत्यक्ष पाहून निश्चित केला. खाली पंच म्हणून पहिली सही तुमची आहे, भाऊ." मग दरडीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "बिळांत पिल्लं आहेत. पंधरावीस दिवसांत उडतील. तेवढंही हे लोक थांबत नाहीत, सोमवारी दरड उतरवणार म्हणतात."

त्या गेल्यावर नागोरावची चुन्याची रेघ दोनदा वाकडी गेली.

संध्याकाळी त्यानं हे घरी सांगितलं. नलू भाकर थापत होती. तिचा हात थांबला नाही.

"मंग? खरी होती का खोटी?"

"काय?"

"सही."

"सही सहीच असते."

"हे साहेबाचं बोलणं झालं. घरी आपलं बोला."

नागोराव नखातला चुना काढत राहिला. मग म्हणाला, "खोटी होती. कचरा झाडावर दिसून राह्यला होता मले. पण ऊन बम होतं, साहेब घाईत होते... माह्या तोंडातून निंघालंच नाई."

"मंग उद्या काढा."

"काम जाईन, नलू."

"जाईन तं जाईन. मी निंदाले जातोच, तुम्ही बी चाला. निंदाले काठी नाई लागत."

"अन् जेलात टाकलं तं?"

"डबा आणीन." तिनं भाकर उलटली. "पण घरी बसून असं तोंड पाडान तं डबा नाई भेटाचा."

सुनावणी म्हणजे साहेबांची खोली, चार खुर्च्या आणि एक पंखा. नागोराव दारात दिसला तेव्हा साहेबांना वाटलं, तो मोजणी कुठे आहे ते विचारायला आला.

"आज मोजणी नाही रे."

"जय भीम, साहेब. मोजणीले नाई आलो. सुनावणीत सांगाचं हाय. थे काठाची खुंटी चुकली. मीच ठोकली."

मॅडमनी मान वर केली. साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मशीन चुकत नाही, नागोराव."

"मशीन नाई चुकलं. काठी चुकली. काठी जिथी धरसान तिथचंच मशीन सांगते. नाला बाभळीपोतर येते, साहेब. पुराचा कचरा फांदीले होता. तुमच्या डोक्यावर."

"मग तेव्हा का बोलला नाहीस?"

याचं उत्तर नागोराव रात्रभर शोधत होता. "नाई बोललो. थे माही चूक. तशीच लिहून घ्या."

"लिहून घेतलं तर पंचनाम्यावर खोटी सही केल्याचं तुझ्यावरच येईल. कळतंय का?"

"कळते. येऊ द्या."

साहेबांनी लिहून घेतलं नाही. हरकतीच्या कागदावर एक ओळ लिहिली आणि मोठ्यानं वाचली: पावसाळ्यानंतर फेरमोजणी करण्यात यावी.

"पावसाळ्यानंतर तिथं दरड असेल का?" मॅडमनी विचारलं.

"मंजूर नकाशाला स्थगिती देण्याचा अधिकार मला नाही."

"कुणाला आहे?"

"तसा अर्ज करा," साहेब म्हणाले, आणि चष्मा घातला.

नागोराव आणि मॅडम नाल्यावर पोचेपर्यंत दुपारचा एक वाजला होता. लांबूनच जेसीबीचा आवाज येत होता. एक्केचाळीस ते शेहेचाळीस, सहा प्लॉटांची दरड उतरलेली होती. पिवळी, ओली माती वाळूवर पसरली होती. मॅडम तिकडे चालत गेल्या आणि मध्येच खाली बसल्या. त्यांनी मातीत हात घातला, काहीतरी उचललं, पाहिलं आणि परत ठेवलं. नागोराव तिकडे गेला नाही. त्यानं फुलचंदला गाठलं.

"फुलचंद, कालपोतर तं सोमवारी म्हणत होते."

फुलचंद आज खुर्चीत नव्हता. उभा होता, आणि नजर देत नव्हता. "अकरा वाजता फोन आला, भाऊ. तुमच्या आफिसातूनच कोणी मालकाले कळवलं, सुनावणीत पंच फुटला म्हणून. मालक म्हणे आजच्या आज उतरव. तुम्ही बोलले नसते तं सोमवारपोतर राह्यली असती."

नागोरावनं आयुष्यात एकदा तोंड उघडलं, त्याची ही पावती.

"मंग मी बोलाचंच नोयतं काय?"

"मले काय इचारता?" फुलचंद चिडला, मग आवाज खाली आला. "मी खांब हाय असं समजा. असं करतो, मशीनवाल्याले जेवाले सोडतो. डिझल संपलं म्हणतो. चार वाजतपोतर थांबवतो. त्याच्या पुढं माह्या हातात काही नाई. जा, काय करता ते करा."

मॅडम फोनवर फोन लावत होत्या. कुणी उचलत नव्हतं, कुणी उचलून दुसऱ्याचा नंबर देत होतं. नागोराव सायकल काढून एकटाच परत निघाला.

साहेबांच्या कचेरीत आवक बारनिशीच्या, म्हणजे अर्ज घ्यायच्या टेबलावर त्यानं कागद मागून घेतला. अक्षर त्याचं मोठं, चौथीतल्या पोरासारखं. काठाची खुंटी मी चुकीच्या जागी ठोकली, पंचनाम्यावरची माझी सही खोटी आहे, खरा काठ मी आज दाखवतो, तोवर काम थांबवा. एवढं लिहून त्यानं खाली सही केली. टेबलामागच्या बाईंनी वाचून त्याच्याकडे पाहिलं, शिक्का मारला, पोच दिली.

"या आता. उत्तर पोस्टानं येईल."

"नाई," नागोराव म्हणाला, आणि सरळ साहेबांच्या खोलीत गेला. घड्याळात सव्वातीन झाले होते.

"अरे, पुन्हा तू?" साहेब जेवून नुकतेच बसले होते.

"साहेब, अर्धी दरड गेली. अर्धी हाय." तो बसला नाही. या खोलीत त्याला आजवर कुणी बस म्हटलं नव्हतं, आजही म्हटलं नाही. "आताच पाहून आलो. एक राघू तारेवर बसला हाय. चोचीत किडा हाय. पोराईले घेऊन आला, तं घरच नाई. गिळत बी नाई अन् टाकत बी नाई. नुसता इकडं तिकडं पाहून राह्यला."

"मग मी काय करू त्याला?"

"त्याचं काही नका करू. त्याचं झालं." नागोरावनं पोचपावती काचेवर ठेवली आणि हात काढला नाही. "सत्तेचाळीस ते बावन्नमंधी पिल्लं जित्ती हायत. चार वाजता मशीन चालू होते. थे थांबवाचं कोणाच्या हातात हाय? नाव सांगा, साहेब. पोस्टानं नोका सांगू. आता सांगा."