आबांचा हात

मालविकेनं पडद्यावरच्या अक्षराचा पाय पकडला आणि टोकाचा बाक पुसून टाकला. खाली सरळ रेघ उरली, खिडकीच्या गजासारखी.

"गेनाऊ! अगदी बरोबर!" मागून लिंडनरबाई म्हणाल्या. कोलोनच्या या डिझाइन स्टुडिओच्या त्या मालकीण. "आता कसं स्वच्छ दिसतंय. सगळी अशीच कर, शुक्रवारपर्यंत."

सगळी म्हणजे दोनशे एकतीस. एरिट्रिया-इथिओपियातल्या लोकांची गीझ लिपी. एका फोन कंपनीला इथल्या त्या लोकांसाठी अ‍ॅप काढायचं होतं आणि ब्रँडसाठी त्यांच्याच लिपीचा फॉन्ट हवा होता.

अक्षरं मुळात झेराय आबांची. चर्चच्या पोथ्या हातानं लिहिण्यात त्यांची हयात गेलेली. त्यांची माणसं त्यांना आब्बा म्हणत. मालविकेच्या तोंडी आबाच बसलं. तिनं पुण्याहून आणलेला बोरू हाती दिला, तेव्हा म्हातारा किती हसला होता!

"म्हणजे तुमच्याकडेही हाच?"

हात थरथरायचा. एक अक्षर जमेपर्यंत पाच-पाच कागद वाया जायचे. फॉन्टसाठी सगळी लिहून द्यायला अकरा आठवडे लागले. शेवटचा कागद आणि बोरू तिच्यापुढे सरकवत ते म्हणाले, "माझा हात आता राहत नाही, मुली. तू ठेव."

"ठेवीन, आबा. शब्द देते."

शब्द द्यायला काय लागतं हो! रेघ कुठे जाड, कुठे बारीक, ही बोरूची चाल. लिंडनरबाईंना ती जुनाट वाटली. मालविका दोनदा भांडली. तिसऱ्यांदा बाईंनी अगदी गोड आवाजात विचारलं, "तुझा इथे राहायचा परवाना, ते ब्लू कार्ड, या नोकरीवरच आहे ना?" झालं, मालविका बाक पुसायला बसली.

शुक्रवारी दोनशे एकतीस अक्षरं गेली. आबांना दाखवायला जायचं ती टाळत राहिली. आज जाऊ, उद्या जाऊ. नोव्हेंबरात आबाच गेले.

अंत्यविधीनंतर चर्चच्या हॉलमध्ये कॉफी उकळत होती. मालविकेनं पर्समध्ये बोरू आणला होता, आबांच्या बायकोच्या, लेतेब्रहान आजींच्या हाती द्यायला. सगळं सांगून टाकायचं, असं ट्राममध्ये दहा वेळा ठरवलं होतं.

आजींनी तिला जवळ बसवलं आणि एक कार्ड तिच्यापुढे धरलं. त्यावर आबांचं नाव होतं. सरळ, एकसारख्या गजांचं.

"नातवानं त्या अ‍ॅपमधून छापलं," आजी म्हणाल्या. "मोतीबिंदूनं मला काही दिसत नाही. पण तो म्हणाला, ही त्या मुलीचीच अक्षरं. म्हणजे यांचाच हात." त्यांनी नावावरून बोट फिरवलं. "मी यांना म्हणायचे, पोरगी शब्दाची पक्की आहे. यांचाच आहे ना गं?"

मालविकेचा हात पर्समध्ये बोरूवर होता.

"हो, आजी. त्यांचाच."

"बरं झालं बाई. कबरीच्या दगडावरही हीच अक्षरं कोरायला दिलीत."

मालविकेनं पर्समधून रिकामा हात बाहेर काढला आणि चेन लावून टाकली.