पुलपिटामागची पायरी

मी एक जुनी लाकडी पायरी आहे. हसू नका, मित्रांनो! पायऱ्या जिन्यात ओळीने असतात हे मलाही ठाऊक आहे. पण मी सुटी आहे, एकटी आहे. आणि एकटीने मी एका माणसाला जेवढं उंच केलं, तेवढं भल्याभल्या जिन्यांना जमलं नसेल!

माझी गोष्ट पुलपिटापासून सुरू होते. चर्चमध्ये पाळक ज्या उंच लाकडी कठड्यामागे उभे राहून उपदेश करतात, ते पुलपिट. आमचं पुलपिट एका ताडमाड पाळकांच्या मापाने केलेलं होतं. ते निवृत्त झाले आणि नव्या पाळकाचा शोध सुरू झाला. आमच्या प्रेस्बिटेरियन चर्चमध्ये पाळक कुणी वरून पाठवत नाही. उमेदवाराने एका रविवारी उपदेश करून दाखवायचा, मग मंडळीने हात वर करून ठरवायचं, हवा की नको. त्या रविवारी आली एक तरुण बाई. इतकी लहानखुरी की दप्तर घेऊन शाळेत शिरली असती तर शिपायानेही हटकलं नसतं.

मी तेव्हा सुताराच्या कोपऱ्यात पडलेली नुसती फळी होते. पुढचं सगळं मी सुतारकाकूंच्या तोंडून ऐकलं. बाई पुलपिटामागे गेल्या आणि दिसेनाशाच झाल्या! वर दिसत होता फक्त केसांचा भांग. एक चिमुरडी जोरात म्हणाली, "आई, पुलपिट बोलतंय!"

अख्खं चर्च खुसुखुसू हसलं. दुसरी कुणी रडकुंडीला आली असती. या बाई मात्र बाहेर आल्या, फरशीवर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "पुलपिट नाही गं, मीच बोलतेय. आता दिसतेय ना?" आणि तिथूनच त्यांनी असा उपदेश केला की लोक खोकायचंही विसरले.

हात वर झाले. बाई निवडून आल्या. एक हात मात्र मांडीवरच राहिला. तो होता घड्याळकाकांचा. ते घड्याळं दुरुस्त करत आणि चर्चच्या 'वडील' मंडळींपैकी एक होते, म्हणजे चर्चचा कारभार पाहायला निवडलेले ज्येष्ठ. उपदेश सुरू झाला की ते खिशातून घड्याळ काढून समोर धरत.

"पाळक बाई? आणि उपदेश फरशीवरून? पुलपिट कापू म्हणाल, तर मी हात लावू देणार नाही," त्यांनी बजावलं.

त्यावर सुतारकाकू आपल्या नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "अहो, पुलपिट कापायचं नसेल तर बाईंना तरी उंच करा!"

आणि माझा जन्म झाला! पुलपिट करतानाच उरलेली फळी होते मी. सुतारकाकांनी मला रंधा मारला, खाली भक्कम पाय ठोकले, कडा हाताला लोण्यासारख्या लागतील इतक्या घासल्या.

माझं पहिलं काम ठरलं दीक्षेच्या दिवशी. त्या दिवशी नवा पाळक गुडघे टेकतो आणि सगळे वडील त्याच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतात. फरशी टोचू नये म्हणून पाळकबाई माझ्यावर गुडघे टेकून बसल्या. एकेक हात त्यांच्या डोक्यावर आला. घड्याळकाका पुढे आले, थांबले, आणि हात कोटाच्या खिशात घालून मागे सरले. बाईंचे गुडघे थरथरले. ते फक्त मला कळलं.

मग सुरू झाली आमची खरी नोकरी. बाई चपला बाजूला काढून अनवाणी माझ्यावर उभ्या राहत. मित्रांनो, तुम्ही माणसं तोंडाकडे बघून ओळखता, मी तळव्यांवरून ओळखते! डाव्या पायाचा अंगठा हलला की समजावं, आता विनोद येणार. टाचा रुतल्या की समजावं, कुणाचे तरी कान उपटले जाणार. शनिवारी रिकाम्या चर्चमध्ये त्या माझ्यावर उभ्या राहून सराव करत आणि मध्येच स्वतःलाच म्हणत, "छे! हे फार लांबलं. काका घड्याळ हलवून बघतील."

बाळाच्या डोक्यावर पाणी घालायच्या बाप्तिस्म्याच्या वेळी त्या मला पुढे ओढत, म्हणजे बाळाच्या ताईदादालाही वर चढून बघता येई. एका ठेंगण्या नवरीने तर फोटोसाठी मला झग्याखाली लपवलं होतं. नवऱ्याला अजून पत्ता नाही!

मग घड्याळकाकांची बायको आजारी पडली. पाळकबाई रोज दवाखान्यात जाऊन काकूंना पेपर वाचून दाखवत. काकू गेल्या, त्या प्रार्थनासभेत बाईंचे तळवे बर्फासारखे गार होते. आवाज मात्र जराही कापला नाही. त्या दिवशी काकांनी घड्याळ खिशातून काढलंच नाही. दाराशी ते एवढंच म्हणाले, "बरं बोललात." हात खिशातच होता. 'आज तरी बाहेर काढा हो,' असं मला ओरडावंसं वाटलं!

वर्षं सरली. चर्चमध्ये माईक आला, त्याच्याबरोबर काचेचा बुटका चकचकीत स्टँड आला. पायरीची गरज संपली. मला अडगळीच्या खोलीत टाकलं आणि वर रंगाचे डबे रचले. माझ्यावर हिरव्या रंगाचे ओघळ वाळले. बाईंचा आवाज भिंतीतून यायचा. अंगठा हलला असेल का, एवढाच विचार मी करत बसे.

एका रविवारी दार करकरलं. आधी काठी आत आली, मागून घड्याळकाका. पार वाकले होते. त्यांनी एकेक डबा खाली उतरवला, खिशातून घड्याळाची काच पुसायचं मऊ फडकं काढलं आणि मला पुसलं. मला! त्या फडक्याने!

त्या दिवशी पाळकबाईंचा निरोपाचा उपदेश होता. तो संपताच काका मला काखेत मारून थेट पुढे आले. मला सगळ्यांसमोर ठेवून म्हणाले, "पाळकबाई, जरा गुडघे टेकता का? माझं एक काम राहिलंय."

बाईंचे केस पांढरे झाले होते, गुडघेही कुरकुरत होते. तरी त्या हसल्या. "काका, निवृत्तीच्या दिवशी दीक्षा?"

"उशीर झालाय, माहितीये मला," काका म्हणाले. "घड्याळवाल्याला सांगू नका."

बाई माझ्यावर टेकल्या. काकांचा हात खिशातून बाहेर आला आणि त्यांच्या डोक्यावर स्थिरावला. बाईंचे गुडघे पुन्हा थरथरले. या वेळी मी त्यांना घट्ट धरून ठेवलं. पायरीला जेवढं धरता येतं तेवढं.

आता मी पुलपिटामागे लपलेली नसते. पुढेच असते, हिरव्या डागांसकट. मुलं माझ्यावर चढून बायबलमधलं वचन वाचतात. माझ्या फळीत दोन उथळ खळगे पडले आहेत, बाईंच्या टाचांचे. कुणी विचारलं तर मी मान ताठ करून सांगते, हेच माझं पदक!

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादं जुनं स्टूल, एखादा पाट असेलच. त्याच्यावर डबे रचण्याआधी एकदा हात फिरवून बघा, खळगे लागतात का. आणि ज्याच्या डोक्यावर हात ठेवायचा राहून गेला असेल, त्याच्याकडे आजच जा. घड्याळ बघत बसू नका.