ओठाचा डावा कोपरा

घुमी लहानपणी फारसं बोलायची नाही, म्हणून बाबांनीच तिचं हे नाव पाडलं. ते स्वतः बस डेपोत माइकवर गाड्यांची घोषणा करायचे. दिवसभर त्यांचा आवाज सगळ्या फलाटांवर ऐकू यायचा, आणि घरी आल्यावरही तो काही थांबायचा नाही. "बापानंच सगळं बोलून टाकलं, लेकीच्या वाटणीला काय उरणार?" असं आई म्हणायची. पुढे याच घुमीनं अभिनयाच्या पदवीला प्रवेश घेतला, तेव्हा सगळ्या नातेवाइकांनी तोंडात बोटं घातली.

आता ती तिसऱ्या वर्षाला होती. शुक्रवारी शेवटची प्रात्यक्षिक परीक्षा होती.

परीक्षेत एकच प्रवेश दोनदा करायचा होता. सकाळी रंगमंचावर, परीक्षक आणि घरच्यांसमोर, दुपारी कॅमेऱ्यासमोर. घुमीच्या वाट्याला एक निवृत्त मुख्याध्यापिका आली होती. आजारपणानंतर या बाईची वाचा अडखळते. तिला लेकीला सांगायचंय की घर विकू नकोस, आणि नेमकं तेवढंच सांगता येत नाही. प्रवेश सगळा आठ मिनिटांचा. महिनाभर तालमीत सगळ्यांनी घुमीची वाहवा केली होती. सोमवारी कॅमेऱ्याच्या तासाला अभिनय शिकवणाऱ्या बाईंनी तिचा चेहरा पहिल्यांदाच अगदी जवळून टिपला आणि तो सगळ्या वर्गाला मोठ्या पडद्यावर दाखवला.

पडद्यावर घुमी नव्हतीच. ओठाचा डावा कोपरा खाली ओघळला होता. शब्द यायच्या आधी हनुवटी दोनदा हलत होती, आणि शब्द आलाच नाही की डोळे चोरासारखे जमिनीकडे वळत होते. ते बाबा होते. हुबेहूब.

"हे कुठून आणलंस गं?" बाईंनी विचारलं.

"निरीक्षणातून."

"असं निरीक्षण वर्गात एखादीच करते. शुक्रवारी यातलं काडीइतकंही हलवू नकोस."

वर्गानं टाळ्या वाजवल्या. घुमीनं मात्र पडद्याकडे पाठ फिरवली.

दोन वर्षांपूर्वी बाबांना अर्धांगवायूचा झटका आला होता. पाय सुधारला, हात थोडाफार सुधारला, पण बोलणं परतलं नाही. तेव्हापासून ते चारचौघांत गेलेच नव्हते. कुणी भेटायला आलं की आतल्या खोलीत जाऊन दार लोटून घ्यायचे. आणि त्याच माणसानं त्या सोमवारी संध्याकाळी आईला सांगितलं, "शुक्र... वारी. मी. येणार." आईला इतका आनंद झाला की तिनं चार दिवस आधीच त्यांच्या शर्टाला इस्त्री केली.

मंगळवारी घुमीनं आईला म्हणून पाहिलं, "त्यांना नको आणूस. खुर्च्या कडक आहेत, गर्दी असते, त्यांना झेपणार नाही."

आईनं हातातलं काम थांबवलं. "तुला लाज वाटते का गं त्यांची?"

घुमी पिशवी उचलून बाहेर पडली.

बुधवारी तालमीत तिनं तो ओठ सोडून द्यायचा प्रयत्न केला. ओठ सुटला तर हनुवटी हलायची, हनुवटी आवरली तर डोळे खाली जायचे. लेकीचं काम करणारी तिची जोडीदारीण शेवटी वैतागली. "ऐन वेळी काय नखरे हे? तुझ्यापायी माझेही मार्क जातील."

गुरुवारी संध्याकाळी आई औषधं आणायला खाली गेली होती. बाबा खिडकीशी पेपर वाचत बसले होते. घुमी त्यांच्यासमोर स्टूल ओढून बसली. आता नाही तर कधीच नाही, असं म्हणून तिनं एका दमात सगळं सांगून टाकलं. नाटकातली बाई आजारी आहे, तिला बोलता येत नाही, आणि ती मी तुमच्यावरून उभी केली आहे. तुम्हाला न विचारता.

बाबांनी पेपरची घडी घातली. एका हातानं घालायची म्हणजे वेळ लागतो.

"दा... खव."

"आत्ता?"

त्यांनी मान हलवली. घुमीनं मुख्याध्यापिकेची पहिली चार वाक्यं म्हटली. चेहरा आपोआप तिकडे गेला, जसा महिनाभर जात होता. बाबा पापणी न हलवता बघत राहिले.

"असा... दिसतो? मी?"

घुमीला हो म्हणवेना, आणि नाही म्हणणं म्हणजे धडधडीत खोटं.

"लोक... हसतात?"

"छे! कुणी हसत नाही, बाबा. रडतात."

"ते... त्याहून..." त्यांना शब्द सापडत नव्हता. त्यांनी मूठ दोनदा मांडीवर आपटली. "नको. घुमे. नको."

शुक्रवारी सकाळी आठलाच तिनं रंगभूषेच्या खोलीबाहेर बाईंना गाठलं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढून डोळे चोळले.

"तीन तासांत नवी भूमिका उभी राहत नसते. परीक्षेनंतर कॉलेजच्या नाटकमंडळीत एकच जागा भरायची आहे आणि ती मी तुझीच धरून चालले होते."

"हो बाई."

"वडिलांना घरी थांबवता येणार नाही?"

"येईल. पण मग मी करायला मोकळी, असं होत नाही ना."

बाईंनी चष्मा परत चढवला. "मग निदान पाठांतर तरी सांभाळ," एवढं म्हणून आत गेल्या.

जोडीदारिणीला सांगितलं, तेव्हा तिनं कपाळावर हात मारून घेतला. "पण मी काय धरून बोलू?"

"मी अडले की तू थांब. बास. पुढचं मलाही माहीत नाही."

पडदा सरकला. तिसऱ्या रांगेत कडेला इस्त्रीचा शर्ट दिसला. घुमीचा चेहरा सरळ होता, सगळं बळ तिनं तो सरळ ठेवण्यात लावलं होतं. पहिली दोन मिनिटं नुसती कोरडी गेली. परीक्षकांपैकी एकानं घड्याळात पाहिलेलंही तिला दिसलं. आणि ऐन मोक्याच्या जागी, "घर विकू नकोस" याच्या अलीकडे, तिचं डोकं खरोखरच रिकामं झालं. नाटकातल्या बाईचं नव्हे, तिचं स्वतःचं. पाच सेकंद, दहा. विंगेतून कुणीतरी वाक्य कुजबुजलं, तेही तिला कळलं नाही.

जोडीदारीण थांबली होती. तिनं घाई केली नाही, वाक्य पुरं करायला धावली नाही. फक्त समोर बसून राहिली. घुमीनं अखेर भिंतीवर, म्हणजे रंगवलेल्या कापडावर, तळहात टेकवला आणि लेकीकडे पाहिलं. "हे," ती म्हणाली. "हे... नको." संहितेत असं काही नव्हतं.

टाळ्या पडल्या, पण बेताच्या.

बाहेर व्हरांड्यात आई डोळे पुसत उभी होती. बाबा घुमीकडे आलेच नाहीत. ते काठी टेकत थेट जोडीदारिणीकडे गेले. अनोळखी माणसाशी त्यांना बोलताना घुमीनं दोन वर्षांत पाहिलं नव्हतं. त्या मुलीनं कान पुढे केला.

"तू... छान... थांबलीस."

"थँक्यू काका," ती म्हणाली आणि रडायलाच लागली.

दुपारचा कॅमेरा कसाबसा पार पडला. आपला चेहरा कसा दिसला, हे घुमीनं विचारलं नाही. निकाल तीन आठवड्यांनी लागला. ती पास झाली, पण नाटकमंडळीतली जागा दुसऱ्याला मिळाली. बाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं, "सोमवारचं केलं असतंस, तर जागा तुझी होती."

घरी बाबांनी विचारलं, "कि... ती?"

तिनं मार्क सांगितले.

"कमी."

"हो, कमीच."

"माझ्या... मुळे."

"छे हो!" असं तिच्या ओठांवर आलं होतं, पण तिनं ते गिळलं. "थोडंसं," ती म्हणाली.

बाबा एकदम हसले. हसता हसता त्यांना ठसकाच लागला, तशी आई पाण्याचा पेला घेऊन धावली. घुमीलाही हसू आलं. पण मंगळवारी एका मालिकेसाठी ऑडिशन होती, आणि तिचं पाठांतर अजून व्हायचं होतं.