रोगणाचा एक हात जास्त

या, असे जवळ येऊन बसा. मागच्यांनीही पुढे सरका, लांबून ऐकली तर या गोष्टीतला गोडवा हाती लागायचा नाही. एका विमानाची गोष्ट सांगतो. आता डोक्यावरून जातात तसल्या विमानाची नव्हे. माणसाला उडता येतं हे कळून फार वर्षं झाली नव्हती आणि किती मोठं होऊन उडता येतं हे कुणालाच ठाऊक नव्हतं, त्या काळातल्या. देवाने माणसाला पंख दिले नाहीत, पण त्यांची हौस मात्र पोटभर दिली. त्या हौसेची ही गोष्ट, आणि एका आईचीही.

तळ्याच्या काठी एक लांबलचक शेड होती. आत जे उभं होतं त्याला नवखा माणूस विमान म्हणालाच नसता. खाली होडीसारखं लाकडी पोट, त्यात आख्खी वरात मावेल इतकी बाकं. वर पंख, तेही एकावर एक चार मजले. मजल्यांच्या मधे खांब, खांबांना तारांचं जाळं आणि त्या जाळ्यात आठ इंजिनं, कोळ्यांसारखी दबा धरून बसलेली. पहिल्यांदा पाहणारा हमखास विचारायचा, "जिना कुठाय हो?"

हे सगळं ज्याच्या डोक्यातून निघालं, त्याला सारे अजूनराव म्हणत. पंख दोन मजली झाले तेव्हा तो म्हणाला होता, "अजून एक मजला." मग म्हणाला, "अजून एक." इंजिनांचंही तसंच झालं. इतर लोकांची विमानं एका माणसाला उचलून कुंपणापलीकडे नेत आणि तेवढ्यावर टाळ्या पडत. याला मात्र गल्लीच्या गल्ली उचलायची होती. "एकट्याने वर जाऊन करायचं काय?" तो म्हणायचा. "वरून काय दिसतंय ते दाखवायला शेजारी कुणी नको?" हे बोलताना त्याचे डोळे असे काही लकाकत, की ऐकणारा आपलं चालू काम सोडून त्याच्या शेडमध्ये येऊन खिळे ठोकायला लागे. सुतारबुवा असेच आले होते. आले ते खुर्ची दुरुस्त करायला, आणि राहिले.

अजूनरावाची थोरली बहीण म्हणजे आक्का. शेडच्या एका टोकाला कापडाची खोली होती, तिथे तिचं राज्य. पंखांच्या लाकडी फासळ्यांवर पातळ कापड ताणून बसवायचं, बारीक टाक्यांनी शिवायचं आणि मग त्यावर रोगणाचे हात द्यायचे. रोगण वाळलं की कापड आक्रसतं आणि चामड्यासारखं ताठ होतं. त्या रोगणाचा वास असा उग्र, की खोलीतल्या बाया घरी गेल्या तरी घरचे म्हणत, "बाई, तू आधी दारात उभी राहा, मग आत ये." रोगणाचे हात द्यायचे ते तीन. अजूनरावाने तसं सांगूनच ठेवलं होतं, आणि एवढ्या एका बाबतीत तो कधी 'अजून' म्हणाला नाही. तिसरा हात वाळला की आक्का पंखावर नखाने टिचकी मारी. 'टण्ण' असा आवाज आला की मान हलवून पुढच्या पंखाकडे जाई. तिची मान हलल्याशिवाय कुठलाही पंख खोलीबाहेर जात नसे.

आणि मग एक दिवस तिला कळलं की हे विमान चालवणार चिमण.

चिमण म्हणजे तिचा एकुलता एक मुलगा. दाराच्या चौकटीला डोकं लागेल एवढा उंच झाला तरी नाव चिमणच राहिलं. आक्का तडक भावाकडे गेली.

"दुसरं कुणी मिळालं नाही तुला?"

"आक्का, आठ इंजिनांचा आवाज कानात घेऊन शांत बसणारा माणूस मला एकच माहीत आहे."

"शांत कसला! घुम्या आहे तो. लहानपणापासून."

"तेच तर हवंय," अजूनराव म्हणाला.

मागे उभा असलेला चिमण नुसता हसला, आणि आक्का खोलीत परत आली. तिने रोगणाचा डबा उघडला आणि वाळलेल्या पंखावर चौथा हात दिला. बाया बघत राहिल्या तर म्हणाली, "हवा दमट आहे." पुढच्या पंखाला पाचवा. जिथे पंख पोटाला जोडायचे, तिथे कापड दुहेरी केलं. टाके इतके दाट घातले, की मुंगीला आत शिरायला परवानगी मागावी लागली असती. टिचकी मारली तर 'टण्ण' येईना, 'ठप' यायला लागलं. मग तिने टिचकी मारणंच सोडून दिलं.

पहिल्या चाचणीला सारा काठ माणसांनी भरला. विमान पाण्यावर आलं, आठही इंजिनं एकदम गरजली, काठावरची कुत्री पळाली. ते भलंमोठं धूड पाणी कापत निघालं. निघालं, वेग धरला, आणखी वेग धरला आणि तसंच पाण्यावर बसून पलीकडच्या काठाला जाऊन लागलं. चिमणने ते वळवून परत आणलं, तेव्हा ते लाजलेल्या बदकासारखं दिसत होतं.

"अजूनराव," गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "अजून जरा वर!"

सगळा काठ हसला. हसला नाही तो शेडचा मालक. थंडी पडायच्या आत जागा रिकामी करून हवी, दुसऱ्यांना शब्द दिलाय, एवढं सांगून तो निघून गेला. म्हणजे आता एकच चाचणी उरली होती. तेव्हाही विमान उठलं नाही, तर ते सुटं करून जळाऊ लाकडात जमा होणार. अजूनराव कागद पुढे घेऊन बसला. आकडे पुन्हा मांडले, पुन्हा मांडले. आकडे सांगत होते की विमान उडायला पाहिजे.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेडच्या पायरीवर चहा चालला होता. सगळ्यांचे चेहरे उतरलेले. वातावरण जरा हलकं करावं म्हणून सुतारबुवा म्हणाले, "उडालं नाही ते एक असो. पण फुटलं तरी का? आपटलं एवढं काठाला, एक फासळी हलली नाही. हलेल कशी? प्रत्येक फासळीला मी एक पट्टी जास्तीची ठोकली आहे."

"का हो?" आक्काने विचारलं.

"का म्हणजे? पोरगं आपलं बसणार ना त्यात."

लोहार हसला. "मग मीही सांगतो. नकाशात होते त्यापेक्षा जाड बोल्ट घातलेत मी. चिमणसाठी."

तारा ओढणारा म्हणाला, त्याने तारा दुहेरी केल्यात. रंगारी म्हणाला, होडीच्या बुडाला त्यानेही जरा सढळ हाताने डांबर फासलंय. जो तो आपापलं गुपित सांगू लागला, एकमेकांच्या पाठीवर थापा पडू लागल्या. आक्का मात्र हसली नाही. तिने अर्धा चहा तसाच खाली ठेवला आणि उठली.

अजूनराव कागदांत डोकं घालून बसला होता.

"अरे बाबा," ती भावाला म्हणाली, "तुझे आकडे बरोबर आहेत. आम्ही चुकलो." आणि तिने सगळं सांगितलं. आधी स्वतःचं, मग इतरांचं.

तो चिडेल असं तिला वाटलं होतं. त्याने खिडकीतून त्या चार मजली पंखांकडे पाहिलं. मग म्हणाला, "वजनात लाकूड धरलं होतं, लोखंड धरलं होतं, तेल धरलं होतं. माया तेवढी धरायची राहिली बघ."

"आता काय करायचं?"

"तू सांगशील ते. नको असेल तर काही काढू नकोस. माझं गणित चुकलं असं मी लोकांना सांगेन. चिमण जमिनीवर राहील, तुला घोर नाही."

हे त्याने अगदी सरळ मनाने म्हटलं. ज्याने जन्मभर 'अजून' म्हटलं, तो तिच्यासाठी 'राहू दे' म्हणत होता. हो म्हटलं असतं तर विषय तिथेच मिटला असता. ती तशीच बाहेर आली.

चिमण विमानाच्या नाकावर बसून फडक्याने काच पुसत होता.

"चिमण, तुला भीती वाटते का रे?"

"वाटते की. न वाटायला मी काय इंजिन आहे?"

"कापड पातळ असलं तर जास्त वाटेल?"

त्याने फडकं थांबवलं. आईच्या तोंडाकडे पाहून त्याला काय ते कळलं. "आई, थंडीत तू मला कपड्यांवर कपडे चढवायचीस, आठवतं? एकावर एक, एकावर एक. हात खालीच यायचे नाहीत माझे. असे आडवे ताठ." त्याने हात पसरून दाखवले. "पडलो तर कासवासारखा. उठवायला माणूस लागायचं."

"लागलं मात्र नाही कधी तुला," आक्का म्हणाली.

"नाही लागलं. पोरं पळत असायची आणि मी आपला उभा." त्याने वरच्या पंखावर हलकेच थापटलं. "या विमानाचंही तेच झालंय बघ."

आक्काला हसू आलं आणि रडूही. ती खोलीत गेली, मोठी कात्री घेऊन आली आणि आपल्याच हाताने शिवलेल्या पंखात पहिला काप घातला. कापड टर्रकन फाटलं.

"आक्का, जोडाशी तरी दुहेरी राहू द्या हो," सुतारबुवा कळवळून म्हणाले.

"तुमच्या पट्ट्या निघाल्या का आधी?"

"काढतोय. जिवावर येतंय."

"माझ्या नाही का येत? काढा."

मग सगळी शेड कामाला लागली. ज्याने जे मायेने घातलं होतं, ते त्यानेच मायेने काढलं. जमिनीवर ढीग साचला. एवढं सगळं अंगावर घेऊन ते बिचारं विमान पाण्यावर धावलं होतं! बाबांनो, या माणसांचा जीव खोटा होता का? अहो, खरा होता, म्हणून तर एवढा जड. जीव लावायला देव आपल्याला जन्मतःच शिकवून पाठवतो. हात कधी काढून घ्यायचा ते मात्र इथे आल्यावर ज्याचं त्याला शिकावं लागतं.

नवं कापड चढलं. रोगणाचे तीनच हात. चौथ्यासाठी आक्काचा हात डब्याकडे गेला, तेव्हा तिनेच तो मागे घेतला आणि डब्याचं झाकण ठोकून बसवलं. मग एकेका पंखावर टिचकी मारत फिरली. टण्ण. टण्ण. टण्ण.

दुसऱ्या चाचणीला गर्दी नव्हती. हवेत गारठा आला होता. विमान निघालं, पाणी दुभंगत गेलं, वेग वाढला. आक्काने डोळे मिटून घेतले. इंजिनांचा आवाज तोच, पण पाण्याचा आवाज बारीक होत गेला आणि मग थांबला. तिने डोळे उघडले तर सुतारबुवा काठावरच्या चिखलात पालथे पडून, गाल जमिनीला लावून ओरडत होते, "दिसला! आक्का, पोटाखालून पलीकडचा काठ दिसला!"

दिसत होता खरा. झाडांची एक पट्टी, आणि तिच्यावर चार मजली घर अधांतरी चाललेलं. फार उंच गेलं नाही, फार लांबही नाही. तळ्याच्या टोकाशी ते दणकन पाण्यावर उतरलं, एका पंखाचं टोक मोडलं, कापड टरकलं आणि चिमण नखशिखांत भिजून बाहेर आला. आक्काने त्याचे दोन्ही हात धरून वर-खाली करून पाहिले. धड होते.

सगळे अजूनरावाकडे बघत होते. त्याचे डोळे वाहत होते. "अजून..." तो म्हणाला, आणि आक्काने नुसतं पाहिलं. "अजून थोडा चहा आहे का?"

ते विमान पुन्हा उडालं नाही. थंडी पडली, शेड रिकामी झाली, इंजिनं कुठे कुठे गेली. पंखांच्या कापडाचे पडदे झाले, आणि कुणाच्या खिडकीत वारा आला की ते 'टण्ण' म्हणत. चिमण पुढे दुसऱ्यांची विमानं उडवत म्हातारा झाला. त्याच्या प्रत्येक विमानाला आक्का टिचकी मारी, आणि मग दोन पावलं मागे सरे.

आता तुमच्या डोक्यावरून विमान जाईल. आत माणसं असतील, बाकांवर शेजारी शेजारी, एकमेकांना खालचं दाखवत. तेव्हा अजूनरावाला नाही आठवलंत तरी चालेल, त्याला जे हवं होतं ते झालंच आहे. पण हातात कात्री घेऊन आपल्याच टाक्यांपुढे उभी राहिलेली आक्का, तिची तेवढी आठवण ठेवा.