पाक गुमलारांना पसंत पडलेला गठ्ठा

बांडुंगच्या त्या कचेरीत गुमलार साहेबांचा, तिकडच्या भाषेत पाक गुमलारांचा, एकच कायदा होता: दाबल्याशिवाय एकही गठ्ठा बाहेर जायचा नाही. बसस्थानकांच्या तिकीट-खिडक्यांचा प्रोग्राम तिथे बनायचा. सगळ्या फायली एका गठ्ठ्यात बांधायच्या, गठ्ठा दाबून लहान करायचा आणि धाडायचा. स्थानकावरचं मशीन तो उघडून प्रोग्राम बसवून घेई. यात भानगड व्हायचं काही कारण नव्हतं. पण परवा साहेबांनी हौसेने एक तपासनीस प्रोग्राम लिहून घेतला, आणि हा शहाणा गठ्ठा उघडून आत बघायचा. उघडल्यावर आत न दाबलेल्या फायलीच असणार, दुसरं काय असणार? की लगेच नापास!

गठ्ठे बांधायचं काम वेनिंगकडे होतं. ती सकाळपासून तोच गठ्ठा पुन्हा पुन्हा दाबत होती आणि तपासनीस पुन्हा पुन्हा उघडत होता. लेबारानच्या सणासाठी गावी जाणारी तिची बस पाचला सुटणार होती. वोनोसोबोला आई तीन वर्षं तिची वाट बघत होती, आणि गठ्ठा पास झाल्याशिवाय सुट्टी नाही म्हणजे नाही.

"अहो पाक, उशी कितीही कोंबली तरी पिशवी उघडली की फुगणारच ना?"

"मग नीट दाब की, पोरी! जरा जीव लावून दाब."

"कपाळ माझं," वेनिंग पुटपुटली.

शेवटी तिचं डोकं फिरलं. साहेबांना दाखवायला म्हणून तिने एक रिकामा गठ्ठा दाबला. आत काहीच नाही, म्हणजे न दाबलेलंही काही नाही. तपासनिसाने उघडला, चाचपला आणि बिनबोभाट पास केला.

साहेब तर हरखूनच गेले. "बघ, जमलं की नाही! इतका लहान गठ्ठा आजवर कुणी केला नव्हता." आणि स्वतःच्या हाताने त्यांनी तो सगळ्या स्थानकांना धाडून दिला. "जा आता, आईला माझा सलाम सांग."

वेनिंगने बोलायला तोंड उघडलं होतं. आईचं नाव ऐकलं आणि मिटलं.

ती पोचली तेव्हा स्थानकावर नुसता हलकल्लोळ. मशिनांनी जुना प्रोग्राम आरक्षणांसकट काढून टाकला होता आणि त्याच्या जागी काहीच बसवलं नव्हतं. पडदे पांढरेफटक. छापील तिकिटाशिवाय फाटक उघडेना. खोकी, कोंबडे, रडणारी पोरं, सगळं तिथेच अडकलं होतं. वेनिंगला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती पायरीवर बसली, लॅपटॉप उघडला आणि साहेबांना फोन लावला.

"पाक, तपासनीस बंद करा."

"वेड लागलंय का तुला? आजच तर त्याने पहिला गठ्ठा पास केलाय!"

"बंद करा म्हणते ना!" ती इतक्या जोरात ओरडली की साहेबांनी मुकाट्याने बंद केला.

तिने खरा गठ्ठा न दाबता, जसाच्या तसा धाडला. तो अवाढव्य गठ्ठा रांगत रांगत पोचला. पडदे उजळले, खिडक्यांवर झुंबड उडाली, आरक्षणं पुसल्यामुळे रिकाम्या दिसणाऱ्या आसनांची तिकिटं भराभर छापली गेली. शेवटचं मशीन सुरू झाल्याची खात्री करून वेनिंग खिडकीशी गेली, तेव्हा वोनोसोबोची बस भरली होती. तिचं आरक्षण कुणाला ठाऊकच नव्हतं.

बस फाटकाबाहेर पडत असतानाच आईचा फोन आला. "बसलीस का गं?"

"सगळे बसले, आई," वेनिंग म्हणाली. "सगळे बसले."